टिकेल ती बसवा

माझं हृदय वाजतं. तसं ते सगळ्यांचंच वाजतं म्हणा, पण माझं शेजारी बसलेल्या माणसालाही ऐकू येतं. आत धातूची झडप बसवलेली आहे, ती मिटताना टिक करते. खोली शांत असली तर मनगटी घड्याळ कानाशी धरल्यासारखं वाटतं. हल्ली मात्र ते कुणाला ऐकू येत नाही, कारण पनवेलमध्ये आता शांत खोलीच मिळत नाही. समोर टॉवरचं काम चालू आहे, मागच्या रस्त्याने उलव्याकडे डंपर धावतात, आणि उरलीसुरली शांतता मोबाइल खातात.

परवा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिच्या वहिनीच्या हृदयाची झडप बदलायची आहे आणि घरात सगळे घाबरलेत. "बाई, तुमचं घड्याळ चालू आहे ना अजून?" तिने आधी तेच विचारलं. मग म्हणाली, "तुम्ही ते दिवस कसे काढलेत ते वहिनीला सांगाल?" फोनवर काय सांगणार? म्हणून लिहायला बसले. यात वैद्यकीय ज्ञान फार नाही. ते डॉक्टरांकडे भरपूर असतं, त्यांच्याकडूनच घ्यावं.

जिना

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही तळ्याजवळ दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. दुपारी जेवणं उरकली की गल्ली अशी गप्प व्हायची की तळ्यावर कुणी धुणं आपटलं तर घरात कळायचं. मी प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग घ्यायचे. माझा नवरा दत्ता न्हावा शेवाच्या बंदरात नुकताच लागला होता. कंटेनर उतरले की त्यांची नोंद ठेवायची, असं काम. समोर मी त्याला 'अहो' म्हणते, आजही. पण लिहिताना 'हे आले' आणि 'हे गेले' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून दत्ताच म्हणते. तो रागावणार नाही. त्याला रागावता येत नाही, ते खातं माझ्याकडे आहे.

मला दिवस गेले होते. शाळेचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. सगळ्या बायका म्हणाल्या, पोटुशीला धाप लागणारच. पाचव्या महिन्यात ते मूल गेलं आणि धाप मात्र राहिली. तेव्हा आमच्या पनवेलच्या डॉक्टरांनी नळी छातीवर ठेवली ती उचलेनात. बराच वेळ ऐकून त्यांनी विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?"

आला होता. आईने मिठाची पुरचुंडी गरम करून शेकलं होतं आणि मी बरी झाले होते. तो ताप सांध्यांतून गेला, पण जाताना हृदयाची झडप आखडून गेला, हे इतक्या वर्षांनी कळलं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही एसटीने मुंबईला गेलो. खाडीपुलावर दत्ताने मला खिडकीशी बसवलं आणि भरतीचं पाणी दाखवलं. दोघंही काहीतरी बघण्याचं काम करत होतो.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. झडपेचं दार अर्धंच उघडतंय. छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा, दार मोकळं होतं. नवं तंत्र आहे, चांगलं आहे, पण क्वचित झडप फाटू शकते, मग लगेच ऑपरेशन करावं लागतं. "सगळं नीट झालं तर वर्षभराने मुलाचा विचार करायला हरकत नाही," असं शेवटी म्हणाले.

मी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. ज्या कुणाला अशा खोलीत बसायची वेळ येईल त्यांनी मधली वाक्यंही ऐकावीत. पण खरं सांगते, ऐकली असती तरी मी होच म्हटलं असतं. मला मूल हवं होतं. बाकी सगळं त्याच्यासाठी चाललं होतं.

फुगा

सासूबाई बेलपाड्याला थोरल्या दिरांकडे राहायच्या. खारघर नावाचं शहर तेव्हा अजून कागदावर होतं. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन यायच्या, भाजी विकून उरलेली आमच्याकडे ओतायच्या आणि चहा पिऊन जायच्या. त्यांना फुग्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"फुगा? जत्रंतला?"

"जत्रेतला नाही हो आई. बारीक असतो, औषधाचा."

"आनि फुटला त?"

"नाही फुटत. तसा बनवलेला असतो."

"फुगा हाय म्हंजे कवातरी फुटनार," त्या म्हणाल्या आणि उरलेला चहा न पिता उठल्या.

फुगा फुटला नाही. झडप फाटली.

मी जागी होते. थंडगार खोली होती, मांडीत बधिर करण्याचं इंजेक्शन दिलेलं, आणि डॉक्टर माझ्याशी पनवेलच्या मासळीबाजाराबद्दल बोलत होते. पापलेट स्वस्त की मुंबईपेक्षा महाग, असं काहीतरी चाललं होतं. मग ते बोलायचे थांबले. मला खोकला आला आणि श्वास आत जाईना. पाण्यात न बुडता बुडत होते. आजूबाजूचे लोक धावले नाहीत, उलट हळू आवाजात बोलायला लागले, आणि त्या हळू आवाजानेच मी जास्त घाबरले. त्या दिवसातला हा तुकडा अजूनही मला नीट सांगता येत नाही.

तोंडावर मास्क लावून मला ट्रॉलीवरून नेताना दारात दत्ता दिसला. कुणीतरी त्याला माझ्याजवळ येऊ दिलं. हाताला सगळीकडे सुया होत्या म्हणून त्याने माझ्या पायाचा अंगठा धरला. "सगळं ठीक आहे," तो म्हणाला. मग रडताय कशाला, असं मला विचारायचं होतं, पण मास्कमधून आवाज निघाला नाही. त्याने अंगठा सोडला आणि दार बंद झालं.

नंतर त्याने घरी निरोप दिला. फोन खालच्या जोशीकाकूंकडे. त्याने सांगितलं, फुगा घालताना झडप फाटली, ऑपरेशन चालू आहे. काकूंकडून दिरांकडे आणि दिरांकडून सासूबाईंकडे पोचेपर्यंत निरोपाचे दोनच शब्द उरले होते: फुगा फुटला. सासूबाईंनी म्हणे देवापुढे बसून देवालाच ऐकवलं, "मी सांगितला व्हता." पुढे कित्येक वर्षं त्यांना वाटत होतं की रबराचे तुकडे माझ्या काळजात राहिलेत. दिरांच्या मुलांच्या वाढदिवसाला त्यांनी घरात फुगे लावू दिले नाहीत.

मला न विचारलेला प्रश्न

शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती. ती निघाल्यावर मी पहिलं वाक्य बोलले ते सिस्टरशी. "सिस्टर, उशीखालचं घड्याळ काढा ना, त्रास होतो."

सिस्टर हसली. "घड्याळ नाही बाई. ते तुमचंच आहे."

मी श्वास रोखून ऐकलं. टिक, टिक, टिक. घाबरले तसं ते जोरात पळायला लागलं, आणि ते पळतंय म्हणून मी आणखी घाबरले. सिस्टरने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि टिकटिक हळू होईपर्यंत काढला नाही. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. तो हात आठवतो.

दोन-तीन दिवसांनी सर्जन राउंडला आले. चांगला माणूस, बोलणं सरळ. मी विचारलं, आता मुलाचं कधी बघायचं? त्यांनी खुर्ची ओढली. डॉक्टर उभे असतात तोवर काळजी नसते, खुर्ची ओढली की समजावं.

"तुमच्या मिस्टरांनी सांगितलं नाही का?" ते म्हणाले. "झडप शिवण्यासारखी राहिली नव्हती. बदलायलाच हवी होती. दोन प्रकार असतात. एक प्राण्याच्या पडद्याची. तिला जन्मभर गोळ्या लागत नाहीत, मूल होऊ शकतं, पण ती दहा-बारा वर्षांत झिजते, कधी आधीच. मग पुन्हा छाती उघडायची, आणि दुसऱ्या वेळचा धोका मोठा. दुसरी धातूची. ती झिजत नाही, पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते, आणि त्या गोळीवर मूल म्हणजे आईच्या जिवाशी खेळ. आम्ही मिस्टरांना विचारलं. ते म्हणाले, टिकेल ती बसवा."

टिकेल ती. माझ्या छातीत लगेच त्याची उजळणी सुरू झाली: टिक, टिक.

संध्याकाळी दत्ता मोसंबी घेऊन आला. मी विचारलं, "मला का नाही विचारलंत?"

"वेळ नव्हता."

"माझ्याजवळ उभे होतात. अंगठा धरून."

त्याने मोसंब्याची एक फोड सोलली, मग तिच्यावरचा पांढरा धागा काढला, मग आतलं साल काढलं. मोसंबं सोलायला माणसाला इतका वेळ लागत नाही. मी मोसंबं खाल्लं नाही.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण कुणी सांगत नाही. माणूस वाचलं की त्याच्याकडून सगळ्यांना कृतज्ञतेची अपेक्षा असते. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, देवाची कृपा, नवरा देवमाणूस. आणि मी मनातल्या मनात भांडत पडलेली असायचे. वाचल्याचा आनंद आणि जे गेलं त्याचा राग एकाच खाटेवर राहतात. तुम्हाला तसं झालं तर तुम्ही वाईट नाही.

फुगवा

इस्पितळाचा दिवस पहाटे स्पंजने सुरू व्हायचा. मग वजन, मग एक्स-रे, मग खोकायचं. छातीचं हाड तारेने बांधलेलं असताना खोकणं हा काय प्रकार आहे ते ज्याचं त्याला ठाऊक. उशी छातीशी घट्ट कवटाळायची आणि खोकायचं. ती उशी मी घरी न्यायला मागितली होती, त्यांनी दिली नाही.

एका सकाळी व्यायाम शिकवणारी मुलगी आली. फुप्फुसं मोकळी व्हायला रोज फुंकर मारायची म्हणाली आणि खिशातून एक लाल फुगा काढून माझ्या हातात दिला. "हं, फुगवा."

नेमक्या सासूबाई पहिल्यांदाच भेटायला आल्या होत्या. पदराने घाम पुसत दारात उभ्या. त्यांनी फुगा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या मुलीला म्हणाल्या, "आतून झाला, आता बायरून पन?"

मला हसू फुटलं. हसताना टाके असे ओढले गेले की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी येतंय तरी हसू थांबेना. झडप टिकटिक पळत सुटली. दत्ता बाहेरून धावत आला, त्याला वाटलं काही झालं. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं ते तेव्हा. त्याची दाढी वाढली होती आणि शर्टाचं बटण चुकीच्या काजात होतं.

रक्त पातळ

घरी आले तेव्हा आषाढ होता. घरी सोडताना सर्जननी गोळीबद्दल सगळं सांगितलं होतं. रोज ठरलेल्या वेळी घ्यायची, महिन्याला रक्त तपासायचं, मार लागू द्यायचा नाही, पालेभाज्या बेताने खायच्या, कारण त्या गोळीच्या विरुद्ध काम करतात. मी अर्धी गुंगीत होते. दत्ताने घरी येऊन आपल्या आईला सांगितलं, "हिला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. पालेभाजीचं जरा बघून."

सासूबाई महिनाभर आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी जे ऐकलं ते असं: सुनेचं रक्त पातळ झालंय, तिला पालेभाजी बघून-बघून द्या. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे बाळंतिणीचं रक्त पातळ होतं, तापातून उठलेल्याचं होतं, आणि ते घट्ट करायला बायका पिढ्यान्‌पिढ्या हिरवा पालाच घालत आल्या. 'रक्त पातळ' हे आमच्या घरात दुखण्याचं नाव होतं. कुणी मुद्दाम पातळ करतं, तेही इतकी महागाची गोळी देऊन, हे कुणाच्या डोक्यात येणार?

आणि पावसाळा म्हणजे पाल्याचा मोसम. सासूबाई रोज सकाळी गुडघे धरत जायच्या आणि तळ्याच्या कडेचा कोवळा टाकळा खुडून आणायच्या. मग माठ, मग शेवग्याचा पाला, मग अळूचं फदफदं. मी पुरे म्हटलं की म्हणायच्या, "खा गो पोरी. रगत पातळ हाय तुजा. आंगात रगत येल, मंग सगला येल." सगळं म्हणजे काय ते दोघींना माहीत होतं. मूल होणार नाही हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या हाताला चव अशी होती की मी दोन वाट्या संपवायचे. लसणीची फोडणी घातलेली टाकळ्याची भाजी आणि तांदळाची भाकरी. आजही आठवली की तोंडाला पाणी सुटतं, मग आपोआप छातीवर हात जातो.

लाईट गेली ती दुपार

दत्ता तेव्हा रोज कामावरून आला की माझ्याजवळ बसायचा. आमचं बोलणं जेमतेम होतं. मी तो प्रश्न धरून बसले होते आणि तो उत्तर. पण तो बसायचा, डोकं थोडं कलतं करून. मला वाटायचं दमलाय.

एका रविवारी दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, खालच्या काकूंचा टीव्ही बंद पडला, गल्ली गप्प झाली. दत्ता जमिनीवर पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली ठेवला.

"आवाज बदललाय," तो म्हणाला.

"कसला?"

"तुझा. टिक येत नाहीये. दबका येतोय. उशी ठेवल्यासारखा."

"तुमच्या कानात बंदरातले ट्रेलर बसलेत. दिवसभर तिथे उभं राहून दुसरं काय होणार?"

"नाही. काल होता. आज कमी आहे."

मी वैतागले. वैतागले की माझी झडप पळते आणि सगळ्या घराला कळतं, ही एक कटकट नवीन झाली होती. पण त्या दिवशी ती पळाली तरी ऐकू आली नाही. ते माझ्याही लक्षात आलं.

त्याने मला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर जेवणावरून उठून आले. नळी ठेवून ऐकलं, हात धुतले, आणि म्हणाले, "गाडी बघा, लगेच मुंबईला न्या. झडपेवर गुठळी धरत असणार." जोशीकाकूंच्या भाच्याची जीप होती, ती मिळाली. वाटेत खाडीपुलावर दत्ताने पाणी दाखवलं नाही. तो माझ्या खांद्यावर कान ठेवून बसला होता, ड्रायव्हरसमोर, जराही न लाजता.

मला त्या पुलावर एक गोष्ट कळली. एवढे दिवस मी मनात म्हणत होते की मूल नाही तर हे जगणं कुणासाठी. आणि आता जगणं हातातून सुटतंय असं दिसल्यावर मला ते नुसतं, कशाहीसाठी नाही, असंच हवं होतं. शाळेचा जिना हवा होता. दुपारची गप्प गल्ली हवी होती. राग गेला नव्हता, पण रागवायलासुद्धा जिवंत राहायला हवं.

रक्त तपासलं. ते जेवढं पातळ हवं त्याच्या जवळपासही नव्हतं. सर्जननी विचारलं, खाण्यात काय होतं? दत्ताने सांगितलं, आणि सांगता सांगताच त्याचा चेहरा उतरला. सलाइनमधून गुठळी विरघळवायचं औषध सुरू केलं. नाही विरघळली तर छाती पुन्हा उघडायची, आणि तशात वाचण्याची खात्री नाही, असं त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं. या वेळी दोघांना. दत्ता खाटेशी बसून राहिला. सिस्टर मशीनकडे बघायच्या, तो माझ्याकडे कान लावून बसायचा. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो म्हणाला, "आला." मागून मशीनवरही आलं. सर्जन त्याला म्हणाले, "लवकर आणलंत म्हणून. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर माझ्या हातात काही नव्हतं."

तेव्हा जी कुणी वहिनी हे वाचते आहे तिला माझं सांगणं एवढंच. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बसवून, गोळी दाखवून, त्याच्या भाषेत सांगा की रक्त पातळ ठेवायचं आहे, घट्ट करायचं नाही. आणि त्याने ते उलट तुम्हाला सांगेपर्यंत उठू नका. आवाजावर लक्ष ठेवा. बदलला तर वाट बघू नका.

पोपटी

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं समजावलं. दत्तानेच समजावलं, मुलाचंही. त्या भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, "मी तुला भाजी नाय गो, इख चारला."

"आई, असं बोलू नका. भाजी चांगलीच होती."

"चांगली व्हती म्हनूनच त." मग पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "पोर नाय त नाय. माजे पोराला बायको हाय ना? आमाला पुरे."

मी त्या बाईशी पुढे चाळीस वेळा भांडले असेन, पण हे वाक्य मी त्यांच्या नावावर जमा ठेवलं होतं.

त्या बेलपाड्याला परत गेल्या त्या हिवाळ्यापर्यंत आल्या नाहीत. पाटी यायची दिरांच्या हाती, तिच्यात दुधी, पडवळ, तोंडली, पान एकही नाही. पौषात त्यांनी आम्हाला बेलपाड्याला पोपटी खायला बोलावलं. बाहेरून येऊन राहिलेल्यांसाठी सांगते: मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, वरखाली भांबुर्ड्याचा पाला दाबायचा, मडकं शेतात उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. पाल्याचा वास शेंगांना लागतो. थंडीत खाऱ्या वाऱ्यात तो वास सुटला की पोट भरलेलं असलं तरी भूक लागते.

मडकं उघडलं तेव्हा सासूबाई माझ्या आधी पुढे झाल्या. एकेका शेंगेवरून भांबुर्ड्याचं पान निवडून काढायला लागल्या. दीर म्हणाले, "आये, तो पाला कुनी खात नाय. वासालाच असतोय."

"मना म्हाईत हाय," त्या म्हणाल्या, आणि निवडत राहिल्या. माझ्या ताटात गार झालेल्या, स्वच्छ निवडलेल्या शेंगा आल्या. दत्ता जाळापलीकडे बसला होता. मी रागावलेली नव्हते, आणि ते त्याला तिथपर्यंत ऐकू गेलं असावं, कारण तो हसला.

पहिलीचा वर्ग

शाळेत परत गेले तेव्हा पहिल्याच दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या पोटात घड्याळ आहे." मी म्हटलं, आहे, पण ते गडबड करणाऱ्यांना ऐकू येत नाही. वर्ग गप्प झाला. पुढे निवृत्त होईपर्यंत मी छडी वापरली नाही. "घड्याळ ऐकू येतंय का बघू," एवढं म्हटलं की चाळीस पोरं श्वास धरून बसायची. कुठल्याही मुख्याध्यापकाला असलं साधन मिळालं नसेल. मुलं आपली नव्हती, पण ती माझं काळीज ऐकत बसायची. आईचंही इतकं कुणी ऐकतं की नाही कोण जाणे. दत्तक घ्यायचं दोनदा बोललो आम्ही आणि दोन्हीदा बोलणं तसंच राहिलं. त्याची खंत आहे. वर्गात ती कमी असायची, सुट्टीत जास्त.

यंत्र

सासूबाई गेल्या. बेलपाड्याच्या त्या शेतात इमारती झाल्या. पौषात पोपटी आता हॉटेलातही मिळते म्हणतात, मी जाऊन बघितलं नाही. आणि बंदरातल्या ट्रेलरांनी दत्ताचे कान खरोखरच नेले. मी रागाच्या भरात बोललेलं खरं झालं. आधी फोन ऐकू येईना, मग दाराची घंटा, मग मी. बाजूला बसलं तरी तो डोकं कलतं करायचा आणि मग ताठ बसायचा. काय ऐकू येत नाही ते त्याने सांगितलं नाही, मला कळत होतं.

तो प्रश्न माझ्याकडे होताच. इतक्या वर्षांत त्याची धार गेली होती, पण तो संपला नव्हता. आणि आता तो ओरडून विचारावा लागला असता. काही प्रश्न ओरडून विचारता येत नाहीत.

मागच्या महिन्यात त्याला कानाचं यंत्र घ्यायला स्टेशनजवळच्या दुकानात नेलं. दुकान काचेचं, बंदिस्त, आत सगळ्या भिंतींना आवाज पिणारा कापूस लावलेली खोली. इतकी शांतता मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. एका मुलीने त्याच्या कानात यंत्र बसवलं, बटण फिरवलं आणि म्हणाली, "काका, काही ऐकू येतंय?"

दत्ताने डोकं कलतं केलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"टिकटिक होतेय," तो म्हणाला.

"यंत्राची असेल, थांबा, कमी करते."

त्याने तिचा हात थांबवला. "राहू दे. यंत्राची नाही." आणि मग मला म्हणाला, "टिकली की गं."

ती मुलगी बिल करायला बाहेर गेली. मी त्याच्या शेजारी बसले आणि अगदी हळू, तेव्हाच्या दुपारी बोलायचो त्या आवाजात, विचारलं. "अहो, त्या दिवशी ट्रॉलीपाशी उभे होतात. मला का नाही विचारलंत?"

"तू दुसरी सांगितली असतीस," तो म्हणाला. "पोराची."

"हो."

"म्हणून नाही विचारलं."

काचेपलीकडून डंपर गेला, त्याचा आवाज आत आला नाही. दत्ताने एक हात कानातल्या यंत्रावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने माझी बोटं धरली.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "ऐकू येतंय मला."